ल्यूपसची तीव्रता जोखताना : एएनए की अँटी-डीएसडीएनए?

ल्यूपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते असा आजार. त्याचा संशय आला की सहसा सर्वप्रथम एएनए ही, पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी केली जाते. ती जवळपास प्रत्येक रुग्णात पॉझिटिव्ह येते, म्हणूनच 2019 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांत किमान 1:80 टायटर (रक्तद्रव 80 पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येणे) ही प्रवेशाची अट ठेवण्यात आली. मात्र निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आजार बळावला किंवा ओसरला तरी तिच्या आकड्यावरून ते कळत नाही. निदानानंतर ती पुन्हा पुन्हा करणे हा बहुधा निव्वळ खर्च.

अँटी-डीएसडीएनए, म्हणजे दुपदरी डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीचे तसे नाही. ही प्रतिपिंडे सर्व रुग्णांत आढळत नाहीत, पण त्यांची पातळी अनेकदा आजाराच्या सक्रियतेबरोबर वरखाली होते. ती वाढत असतानाच सी3 आणि सी4 या रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिनांचे प्रमाण घटू लागले, तर मूत्रपिंडदाहाची शंका घेऊन लघवीतील प्रथिने तपासावी लागतात, कारण या प्रतिपिंडांची संयुगे मूत्रपिंडाच्या गाळणीत साचून तेथे दाह निर्माण करतात. तीव्रतेपुरता माझा कौल अर्थातच दुसऱ्या चाचणीला आहे. तरीही काही रुग्णांत ही पातळी दीर्घकाळ चढीच राहते आणि प्रकृती मात्र स्थिर असते. अशा वेळी केवळ आकडा पाहून स्टेरॉइडची मात्रा वाढवणे योग्य नव्हे.