वाळूजच्या गाळ्यात रंगवून घेतलेली बुलेट

आमची 2009 सालची बुलेट स्टँडर्ड जून 2024 मध्ये 15 वर्षांची होणार होती. खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांपुरतीच असते आणि पुढच्या 5 वर्षांसाठी ती वाढवून घ्यायची तर गाडी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवावी लागते. तेव्हा पत्रा सोडू लागलेला काळा रंग काढून नवा रंग द्यावा आणि मगच गाडी पासिंगला न्यावी, असे ठरवले. जालन्यात रंगकाम करणारे आहेत, परंतु ज्या दोन ठिकाणी चौकशी केली तिथे जुन्या रंगावरच सँडपेपर मारून नवा रंग चढवण्याची तयारी दिसली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्या आधाराने सुटे भाग रंगवणारे अनेक छोटे उद्योग तिथे उभे राहिले. त्यांपैकी एका ठिकाणी बरीच वर्षे रंगाची स्प्रे गन चालवून आता स्वतःचा गाळा टाकलेल्या एका उस्तादांकडे एका परिचितांनी मला पाठवले. गाळ्यावर नामफलक नाही आणि त्यांना त्याची गरजही वाटत नाही.

मला गाडी लष्करी हिरव्या रंगात हवी होती. उस्तादांनी डबा उघडण्याआधीच नकार दिला. "साहेब, हा कलर मारला तर पासिंगला गाडी अडकंल," एवढेच ते म्हणाले. घरी येऊन केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 पाहिले. नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला देता येत नाही. रस्त्यावर अशा रंगाच्या बुलेट दिसतात हे खरे, पण त्या दिसतात म्हणून नियम बदलत नाही. शेवटी गडद मरून रंग ठरला. रंग हा नोंदणी प्रमाणपत्रातला एक रकाना असल्यामुळे काळ्याची मरून झालेली नोंदही करून घेणे भाग होते.

या गाळ्याचे खरे कौशल्य रंग मारण्यापूर्वीच्या कामात आहे. रिमूव्हर लावून त्यांनी टाकी, दोन्ही मडगार्ड आणि टूलबॉक्स उघड्या पत्र्यापर्यंत सोलून काढले. टाकीच्या डाव्या बाजूला जुन्या लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, चांगला बोटभर जाड थर निघाला. म्हणजे आधीच्या मालकाने गाडी कुठेतरी आपटली होती आणि पोचा न काढता वरून लांबी भरून ती विकली होती, हे मला 11 वर्षांनी कळले. उस्तादांनी पोचा आधी ठोकून काढला, त्यावर इपॉक्सी प्रायमर दिला आणि मग पातळ लांबी ओढून वॉटर पेपरने ती इतकी उतरवली की बोट फिरवून जोड सापडू नये. या घासाईला बोअरचे पाणी चालते, पण शेवटची धुलाई ते पिण्याच्या पाण्याच्या जारमधून आणलेल्या पाण्याने करतात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार पत्र्यावर वाळून राहिले तर ते रंगाखाली ओल ओढून घेतात आणि दोन पावसाळ्यांत फोड उठवतात. इतका बारकावा पाळणारा दुसरा रंगारी मला तरी भेटलेला नाही.

रंग कोणता घ्यावा, याबद्दल ग्राहकाने थोडे आग्रही असावे. स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग केवळ थिनर उडून वाळतो, त्यामुळे पेट्रोलचे चार थेंब सांडले की तो मऊ पडतो. टाकीच्या झाकणाभोवतीचा रंग आधी जातो तो यामुळेच. हार्डनर मिसळून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो आणि पेट्रोल सोसतो. उस्तादांनी दोन्ही रंगांचे नमुने असलेल्या पत्र्यांवर माझ्यासमोर पेट्रोल ओतून दाखवले आणि त्यानंतर भावाची घासाघीस करण्याची इच्छा राहिली नाही. तथापि, त्याच हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते, आणि गन धरणारा मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून आत जात होता. मी ते बोलून दाखवले. मुलगा हसला, उस्तादांनी विषय बदलला. ही गोष्ट मला आजही खटकते.

काम धुळवडीनंतर दोन दिवसांनी, 27 मार्चला दिले होते आणि गाडी पाडव्याला मिळणार होती. ती मिळाली अक्षय्य तृतीयेला, 10 मे रोजी, म्हणजे 44 दिवसांनी. यातला काही उशीर हवेचा होता, हे मान्य करावे लागेल. उन्हाळ्यात दुपारी पारा 40 अंशांच्या पुढे गेला की थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडते आणि रंग खरखरीत बसतो, म्हणून ते मंद थिनर वापरून फक्त पहाटे गन धरतात. पावसाळ्यात उलट हवेतल्या ओलीने पांढरट झाक येते. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने मराठवाड्यात या कामाला सर्वांत बरे, हा त्यांचा सल्ला त्यांनी काम घेताना दिला असता तर अधिक बरे झाले असते. मात्र मधले दोन आठवडे माझी टाकी केवळ प्रायमरवर पडून होती आणि त्या काळात एका लग्नातल्या नवरदेवाची गाडी आधी उरकली गेली, याचा हवेशी काही संबंध नव्हता. फोन ते उचलतात, पण प्रत्येक वेळी "परवा" हेच उत्तर मिळते.

एकूण 11,500 रुपये झाले, त्यात सोनेरी रेषांचे 1,200 धरलेले आहेत. त्या रेषा एक वयस्कर गृहस्थ हाताने ओढतात. पूर्वी ते ट्रकवर आणि दुकानांच्या पाट्यांवर अक्षरे काढत. रेडियम आल्यावर ते काम संपले. लांब केसांचा ब्रश, करंगळीचा टेकू, आणि टाकीच्या वळणावर श्वास रोखून एका दमात ओढलेली रेषा. ते पाहण्यासाठी मी दीड तास स्टुलावर बसलो होतो. दोन्ही बाजूंच्या रेषांत सुताएवढा फरक आहे आणि तो तसाच असावा असे मला वाटते.

दोष सांगायचे तर, मागच्या मडगार्डच्या खालच्या कडेला क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, ओघळ राहिला आहे आणि उजव्या टूलबॉक्सवरचा पृष्ठभाग उन्हात संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. टाकीखालच्या रबरी बुशांपैकी एक हरवला, तो मीच आणून बसवला. उलट, चेसिसला काळा रंग देताना क्रमांक कोरलेली जागा त्यांनी न सांगता टेप लावून झाकली होती, त्यामुळे पासिंगच्या दिवशी क्रमांकाचा पेन्सिलने छाप घेताना काही अडचण आली नाही. बिल म्हणून वहीतले पान मिळाले. विमा कंपनीला रंगबदल कळवताना मी नोंदणीची नवी प्रतच जोडली.

पहिला महिना पॉलिश लावायचे नाही आणि गाडीवर कव्हर टाकायचे नाही, ही त्यांची सूचना मी पाळली. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा गेला; कुठेही फोड नाही, आणि टाकीच्या झाकणाभोवतीचा रंग शाबूत आहे. केवळ गुडघा घासतो तिथली सोनेरी रेषा पुसट होत चालली आहे. ती क्लिअर कोटच्या वर ओढलेली असल्याने असे होणार हे त्यांनी आधीच सांगितले होते, कारण तो ऑइल पेंट क्लिअरखाली घेतला तर सुरकुतण्याची भीती असते. पुन्हा ओढून देण्याचे ते 300 रुपये घेतील. तारीख मी अजून विचारलेली नाही.