५०० की १०००? घरी वर्णपट दाखवणाऱ्या ग्रेटिंग कार्डाचं परीक्षण

क्वांटमची, म्हणजे अणू-प्रकाशाच्या सूक्ष्म जगातल्या नियमांची, ओळख करून देणारं लेखन बरेचदा पेटीतल्या मांजरापाशी (श्रोडिंगर यांच्या काल्पनिक प्रयोगापाशी) सुरू होतं आणि तिथेच संपतं. वाचणारा भारावतो, पण अणूतली ऊर्जा सलग नसते, ठरावीक टप्प्यांतच असते, हे विचित्र म्हणणं शास्त्रज्ञांनी १९०० ते १९१३ या काळात का स्वीकारलं, ते त्याला कळत नाही. ज्या पुराव्याने त्यांना ते स्वीकारायला लावलं, तो घरबसल्या डोळ्यांनी पाहता येतो. त्यासाठी लागतं डिफ्रॅक्शन ग्रेटिंगचं कार्ड: पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत बसवलेली पारदर्शक फिल्म, जिच्यावरच्या बारीक रेघा प्रकाश रंगांत फोडून वर्णपट दाखवतात. नाशकात एका मिसळीला जेवढे पैसे जातात, साधारण तेवढ्यात ते ऑनलाइन मिळतं.

कार्डं मुख्यतः दोन प्रकारची असतात, मिलिमीटरला ५०० रेघांची आणि १००० रेघांची. आकडा मोठा म्हणून १००० वालं मागवायचा मोह होतो, पण सुरुवातीला ५०० च घ्यावं. कारण साधं आहे. ५०० मध्ये दोन रेघांतलं अंतर २ मायक्रोमीटर असतं, त्यामुळे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लाल प्रकाश १९ अंशांत वळतो. १००० मध्ये तोच साडेचाळीस अंशांपर्यंत जातो. बुटांच्या खोक्यात (जोडणी पुढे दिली आहे) प्रकाश आत येण्याची फट आणि कार्ड यांच्यात २५ सेंटिमीटर ठेवले, तर ५०० चा वर्णपट फटीपासून ५ ते ९ सेंटिमीटरच्या पट्ट्यात मावतो. १००० चा लाल भाग २१ सेंटिमीटरवर, म्हणजे खोक्याच्या बाहेरच पडतो. रेषा मात्र १००० मध्ये जास्त सुट्या दिसतात, तेव्हा हात बसल्यावर मोठं खोकं घेऊन ते जरूर वापरावं.

खरेदी करताना एक फसगत ठरलेली. ‘रेनबो’ किंवा फटाके पाहायच्या चष्म्याची म्हणून विकली जाणारी फिल्म दोन्ही दिशांनी रेघा मारलेली असते. तिच्यातून दिव्याभोवती रंगांची फुली दिसते. लहान मुलं खूश होतात, पण मोजमापाला ती निरुपयोगी. ‘लिनिअर’ किंवा ‘सिंगल ॲक्सिस’ लिहिलेलंच कार्ड घ्यावं.

खोक्याची जोडणी तासाभराचं काम. आतून काळा कागद लावा. एका टोकाला, मध्यापासून थोडी बाजूला, उभी खाच कापून तिच्यावर दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवा. त्यांच्यातली फट ०.२ मिलिमीटरच्या आसपास हवी; दोन साधे कागद एकावर एक ठेवून मधे धरले की अंदाज येतो. फट रुंद झाली की रेषा जाड होऊन एकमेकींत मिसळतात, आणि पुढचा सगळा मुद्दाच हातचा जातो. समोरच्या टोकाला, फटीच्या अगदी समोर, डोळ्यापुरतं भोक पाडून कार्ड लावा, पण लगेच चिकटवू नका. रंग फटीला आडवे, डावी-उजवीकडे पसरेपर्यंत ते फिरवा, मगच टेप लावा. फिल्मला बोट लागू देऊ नका. बोटाचं तेल रेघांत भरतं, आणि पुसायला गेलं तर रेघाच खराब होतात. धूळ फक्त फुंकर मारून काढावी.

आता जुना सीएफएल (पाऱ्याच्या वाफेवर चालणारा वळणदार दिवा) पाहा. सलग इंद्रधनुष्य दिसत नाही, सुट्या रेषा दिसतात. फटीच्या भिंतीवर आतून मोजपट्टी लावली असेल, तर पाऱ्याची ४३६ नॅनोमीटरची निळी रेषा ५.६ सेंटिमीटरवर आणि ५४६ ची हिरवी ७.१ वर यायला हवी. आतल्या लेपातल्या युरोपियमची ६११ ची लाल ८ वर येते. आकडे जुळले नाहीत तर कार्ड तिरकं आहे किंवा अंतर चुकलंय. पांढऱ्या एलईडीत या रेषा नसतात. निळा उंचवटा आणि त्याच्यापुढे पसरट पट्टा दिसतो. तारेच्या बल्बचा पट सलग असतो, आणि डिमरने मंद करत गेलं की निळा आधी विझतो. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचं हेच कोडं सोडवताना जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स प्लांक १९०० मध्ये ऊर्जेच्या पुडक्यांपर्यंत पोचले. जुन्या स्विचबोर्डावरचा नारिंगी इंडिकेटर बहुधा निऑनचा असतो, त्यात नारिंगी-लाल रेषांची दाटी पाहण्यासारखी आहे.

मिठाच्या पाण्यात भिजवलेली बांबूची काडी गॅसच्या ज्योतीत धरली की सोडियमची ५८९ ची पिवळी रेषा मिळते. द्राक्षबागेत बोर्डो या बुरशीनाशकासाठी वापरतात तो मोरचूद (कॉपर सल्फेट) निफाड-पिंपळगावकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. त्याने ज्योत हिरवी होते, पण रेषांऐवजी बरेचसे पसरट पट्टे दिसतात, कारण तो प्रकाश मुख्यतः ज्योतीत तयार होणाऱ्या तांब्याच्या संयुगांच्या रेणूंचा असतो. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरात नको, बाहेर स्पिरिटच्या दिव्यावर, हातमोजे घालून करा.

खरा गाभा इथे आहे: १२४० ला रेषेच्या नॅनोमीटरने भागलं की त्या प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या अणूंसाठीच्या छोट्या एककात मिळते. सोडियमसाठी २.१. अणू पिवळा प्रकाश देतो तेव्हा त्याच्या ऊर्जेच्या दोन पातळ्यांमधलं अंतर नेमकं एवढंच असतं. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ वर, म्हणजे १.८९. डॅनिश शास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या १९१३ च्या सूत्राने १३.६ ला (हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन अणूबाहेर काढायला लागणारी ऊर्जा) (१/४ वजा १/९) ने गुणा, १.८९ च येतात; ४ आणि ९ हे पातळी क्रमांक २ आणि ३ यांचे वर्ग. ४८६.१ च्या रेषेसाठी १/९ च्या जागी १/१६ घाला, २.५५. भागाकार-गुणाकार येणाऱ्या कोणालाही हे पडताळता येतं, आणि कार्डाबरोबरच्या माहितीपत्रकांत नेमकं हेच नसतं. ही त्यांची सर्वांत मोठी उणीव.

हायड्रोजनची नळी घरी आणू नये, तिला हजारो व्होल्ट लागतात. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतच पाहावी. खोकं सूर्याकडे कधीही रोखू नका. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे धरलं, फट अगदी बारीक केली आणि थोडा धीर धरला, तर सलग पटात ५८९ पाशी काळी रेघ सापडते: सूर्याच्या वातावरणातल्या सोडियमने शोषलेला प्रकाश. मोबाइलवर फोटो काढताना एक्स्पोजर हाताने कमी करा, नाहीतर रेषा पांढऱ्या पडतात आणि रंग ओळखता येत नाहीत.

प्रकाशाचे कण एकेक करून मोजणं या कार्डाने जमत नाही. शाळेच्या वर्गासाठी घ्यायचं तर ५०० ची दोन-तीन कार्डं जास्तीची मागवा. पहिलं कार्ड बोटांच्या ठशांनी जाणारच.