क्रिमिनॉलॉजी घेऊन बीए: बेळगाव-खानापूरच्या मुलांनी काय बघून प्रवेश घ्यावा

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे क्रिमिनॉलॉजीची, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राची, चौकशी सुरू होते. विषय कसदार आहे. गुन्हा का घडतो, तपास कसा होतो, कोर्ट आणि तुरुंग कसे चालतात, हे सगळं एकत्र शिकायला मिळतं. मात्र बरीच मुलं चुकीच्या अपेक्षेनं प्रवेश घेतात आणि दुसऱ्या वर्षी हिरमुसतात.

मोठा घोळ फॉरेन्सिक लॅबचा. बीएला बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, हस्ताक्षर यांची ओळख करून देतात, पण लॅबमधल्या वैज्ञानिक पदाला विज्ञानाची पदवी लागते. तिकडे जायचं तर पीयूसीलाच सायन्स हवं. वकील व्हायचं असेल तर सरळ पाच वर्षांचा लॉ कोर्स धरा; बीए करून गेलात तर वर आणखी तीन वर्षं एलएलबी आहेच. पीएसआयच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. या विषयाचं खरं चीज प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटलेल्यांवरचं काम), बालन्याय, कैद्यांचं पुनर्वसन अशा कामांत होतं. पुढे शिकायचं तर राणी चन्नम्मा विद्यापीठात याच विषयाचं एमए आहे, धारवाडला कर्नाटक विद्यापीठातही विभाग आहे.

कॉलेज निवडताना आधी नोट्स चाळून बघा. १ जुलै २०२४ पासून तिन्ही मुख्य फौजदारी कायदे बदलले. खुनाची शिक्षा आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, ३०२ मध्ये होती ती आता भारतीय न्याय संहितेच्या १०३ मध्ये आहे, फसवणूक ४२० ची ३१८ झाली, एफआयआरचं कलम १५४ जाऊन नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ आलं. नोट्समध्ये अजून नुसतं आयपीसी असेल तर ते कॉलेज सोडा. जुना कायदा मात्र पुरता टाकू नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच लागू होतं, त्यामुळे तशा खटल्यांत जुनी कलमं अजून बरीच वर्षं दिसणार. दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहूनच अभ्यास करा.

प्रात्यक्षिक घेतात का, हा त्यानंतरचा प्रश्न. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी यावं, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६(३) मध्ये आहे. म्हणून मुद्देमाल कसा हाताळायचा हे हातानं करून शिकलेलं बरं. रक्तानं भिजलेला शर्ट आधी सावलीत, हवेवर पूर्ण वाळवायचा, मग कागदी पाकिटात घालायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. उन्हातही वाळवायचा नाही. पाकिटावर क्राइम नंबर, तारीख, वेळ, जागा, पंचांच्या सह्या आणि सील हवं. पुढे ते पाकीट कुणी कुणाच्या हाती दिलं याची नोंद एका ठिकाणी जरी तुटली, तरी बचावाचा वकील तिथंच बोट ठेवतो. डिजिटल पुराव्याचंही असंच. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकानं काढलेली तिची ओळखखूण, द्यावी लागते. एखाद्या फोटोची हॅश काढा, फोटो किंचित कापून सेव्ह करा आणि पुन्हा काढा. आकडा पार बदलतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की धडा घोकावा लागत नाही. हे करून न घेणाऱ्या कॉलेजात फक्त पाठांतर पदरी पडेल.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची खरी कसोटी भाषेची. पुस्तकं बहुतेक इंग्रजी, आणि ठाण्यातली एफआयआर, पंचनामा, जबाब कन्नडमध्ये. बोलण्यापुरतं कन्नड इथं पुरत नाही. एफआयआर वेबसाइटवर टाकाव्यात, असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्ह्यांसारख्या नाजूक प्रकरणांच्या तेवढ्या टाकत नाहीत. कर्नाटक पोलिसांच्या साइटवरून आपल्या भागातली एक एफआयआर दर आठवड्याला काढा. फिर्यादी, घटनेची वेळ, कलमं आणि नोंदीला उशीर झाला असेल तर त्याचं कारण, एवढं वहीत मराठीत उतरवा. पीएसआयच्या लेखी परीक्षेत भाषांतरही असतं, तिथं हाच सराव कामी येतो.

महाराष्ट्राकडे डोळे असतील तर एक कागद आतापासूनच जपा. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना तिकडच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. शाळेचे दाखले आणि रेशनकार्डावरचं गावाचं नाव जुळत नसेल तर जाहिरात येईपर्यंत थांबू नका, आधीच दुरुस्त करून घ्या.