डिप्लोमानंतर: चाकणची अप्रेंटिसशिप की भोसरीचं सीएनसी शॉप?

मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या मुलांपुढे पुणे पट्ट्यात हमखास येणारी निवड म्हणजे ही. एका बाजूला चाकणच्या मोठ्या वाहन कंपनीत वर्षभराची अप्रेंटिसशिप, दुसऱ्या बाजूला भोसरी एमआयडीसीतल्या पंधरावीस माणसांच्या सीएनसी शॉपमध्ये (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात) नोकरी. घरच्यांचा कल बहुतेक वेळा पहिल्याकडे, कारण गेटवरचं नाव सोयऱ्याधायऱ्यांत सांगता येतं. माझं मत मात्र एका प्रश्नावर अडतं: मोठ्या कंपनीत तुम्हाला विभाग कोणता मिळतोय? असेंब्ली लाइन मिळणार असेल तर सरळ भोसरी गाठा. टूल रूम (जिथे साचे आणि हत्यारं बनतात), मेंटेनन्स किंवा क्वालिटी लॅब मिळत असेल तर डोळे झाकून चाकण.

आधी पैशाचं बोलू. 2019 मध्ये सुधारलेल्या अप्रेंटिसशिपच्या नियमांत डिप्लोमावाल्याला महिन्याला किमान 8000 रुपये स्टायपेंड ठरला. बऱ्याच मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात, वर कॅन्टीन आणि बस. पण 1961 च्या कायद्याखालचा अप्रेंटिस कामगार धरला जात नाही, त्यामुळे पीएफ नाही आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधनही कंपनीवर नाही. हे फसवणं नव्हे, करारातच लिहिलेलं असतं. पोरं वाचत नाहीत एवढंच. घर पिंपरीत असेल तर एवढ्यात भागतं. लातूर-नांदेडहून येऊन मोशीत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहणाऱ्याला खोली आणि मेसचे पैसे दिल्यावर घरी पाठवायला काही उरत नाही.

छोट्या शॉपमध्ये पगार आहे, पण आकडा ऐकून लगेच मान डोलावू नका. पीएफ कापता का, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे का, हे विचारा. पीएफ वीस माणसांपासून लागू होतो आणि ईएसआय दहापासून, म्हणून काही शेठ मस्टरवर एकोणीसच नावं ठेवतात. पीएफ एक वेळ सोडून देता येईल. ईएसआय सोडू नका, कारण मशीनवर बोट गेलं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो. छोट्या शॉपमध्ये तो बऱ्याचदा ‘सिंगल’ मिळतो. हेही आधीच विचारलेलं बरं.

इंटरव्ह्यूची तयारी दोन्हीकडे अगदी वेगळी लागते. मोठ्या कंपनीत आधी लेखी परीक्षा, मग पॅनेल, शेवटी मेडिकल. प्रश्न पुस्तकी असतात: फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल प्रोजेक्शनमधला फरक, स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह, फिट्सचे प्रकार, 5एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), सात क्वालिटी टूल्स. पोरं खरी अडकतात ती प्रोजेक्टवर. प्रोजेक्ट बाहेरून करून घेतलेला असेल तर पहिलं उत्तर पाठांतराने निघून जातं. दुसरा प्रश्न ‘हेच मटेरियल का घेतलं?’ असा येतो आणि सगळं उघडं पडतं. स्वतः केलेला साधा बेंच व्हाइस त्यापेक्षा कितीतरी बरा. इंग्रजीत अडखळायला झालं तर ‘सर, मराठीत सांगू का?’ म्हणा. बहुतेक पॅनेलमध्ये कुणीतरी मराठी असतंच, आणि तोडक्या इंग्रजीतल्या गोल उत्तरापेक्षा मराठीतलं नेमकं उत्तर ऐकणाऱ्यालाही सोपं जातं.

शॉपमध्ये असलं काही नसतं. शेठ किंवा सेटर (नव्या कामासाठी मशीन लावून देणारा कारागीर) समोर ड्रॉइंग टाकतो, हातात एक जॉब (मशीनवर बनलेला भाग) आणि व्हर्नियर (मापायची सरकपट्टी) देतो आणि म्हणतो, ‘बोअर बघ, ओके आहे का.’ बोअर म्हणजे जॉबमधलं गोल भोक. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं 25 एच7. म्हणजे माप 25.000 ते 25.021 मिमीच्या आत हवं. नवखा मुलगा घाईने व्हर्नियर लावतो आणि ‘25.02, ओके’ असं सांगून मोकळा होतो. पण त्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिमी आहे, एकवीस मायक्रॉनचा, म्हणजे 0.021 मिमीचा, निवाडा तो काय करणार? अपेक्षित उत्तर असं: ‘याने होणार नाही. बोअर गेज द्या, नाहीतर प्लग गेज.’ आणि त्याआधी जबडे मिटून झिरो एरर बघितली असेल तर सेटरच्या चेहऱ्यावरच कळतं की काम झालं. मशीनच्या प्रोग्रॅममधल्या जी02 आणि जी03 या कोडमधला फरक, जी54 कशासाठी, टूल बदलल्यावर ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) कसा घ्यायचा, एवढं पक्कं करून जा. आणि बायोडाटा एका पानाचा ठेवा, वाचणाऱ्याचे हात कूलंटने भरलेले असतात.

त्याच भेटीत तुम्हीही शॉप बघून घ्या. मशीनच्या दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारी सोय) बायपास करून दार उघडं ठेवून काम चाललं असेल, तर तिथला शेठ तुमच्या बोटांची किती काळजी करेल ते दिसलंच. ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेणाऱ्या ठिकाणी तर पाऊलही टाकू नका.

रोजच्या कामात काय फरक पडतो? लाइनवर एक स्टेशन तुमचं. ठरलेले बोल्ट, ठरलेला टॉर्क, पुढची गाडी. शिस्त लागते, सेफ्टी अंगात मुरते, रात्रपाळीची सवय होते, पण सहा महिन्यांनंतर नवीन काही हाती लागत नाही. क्वालिटीत असाल तर गोष्ट निराळी: तक्रार आली की 8डी (कारण शोधून उपाय लिहायचा आठ पायऱ्यांचा अहवाल) कसा भरायचा, कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कशाने तपासायचं याचा तक्ता) कसा वाचायचा, हे इथेच नीट शिकता येतं.

शॉपमध्ये सकाळी धातूच्या चिप्स काढायच्या, इन्सर्ट (टूलची कापणारी धार) बदलायचा, फर्स्ट पीस (पहिला बनलेला जॉब) पास करून घ्यायचा, दुपारी डिस्पॅचचं चलन लिहायचं. कस्टमरकडे माल रिजेक्ट झाला तर सॉर्टिंगला तुम्हालाच पाठवतात, म्हणजे शेवटी चाकणला जाणं होतंच, फक्त मागच्या गेटने. कस्टमरचं पेमेंट अडकलं की पगार दहा तारखेचा वीसला होतो, सुट्टीच्या गुरुवारी फोनही येतो. पण वर्षा-दीड वर्षात तुम्ही सेटर होता, आणि सेटरला पुण्यात काम शोधत फिरावं लागत नाही. पुढे स्वतःचं शॉप टाकायचं मनात असेल तर दर कसा काढायचा, हे शेठच्या टेबलाशेजारी उभं राहूनच कळतं.

नाशिक हायवेवरची चाकणची कोंडी मी वेगळी सांगायला नको. कंपनीची बस नसेल तर तो हिशेब पगाराइतकाच मनावर घ्या.

अप्रेंटिसशिपकडेच ओढा असेल तर एक काम करा. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे राहा आणि गेल्या वर्षीच्या बॅचमधलं कुणी भेटलं तर विचारा: तुमच्यातले किती जण आज आत आहेत, आणि कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या? एचआरला हाच प्रश्न विचारलात तर ‘परफॉर्मन्सवर अवलंबून’ एवढंच ऐकायला मिळेल. आणि अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट होते. ‘साहेब ओळखीचे आहेत, गेटपासचे पाच हजार द्या’ म्हणणारा कन्सल्टन्सीवाला भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.