उघड्या विटांचं घर रंगवताना मी कशी फसले

खिडकीच्या काचेवर उडालेला रंगाचा थेंब मी नखाने खरवडला आणि तो अख्खा सुटून हातात आला. तेव्हा बरंच वाटलं होतं, काचा खराब झाल्या नाहीत म्हणून. आमची फसवणूक होते आहे याची सगळ्यात स्पष्ट खूण तीच होती. ती वाचायला मला आठ महिने आणि एक पावसाळा लागला.

हे घर बाबांनी बांधलं. बाहेरून गिलावा नाही, उघड्या विटा आणि त्यांच्यामधल्या नीट भरलेल्या दरजा, म्हणजे सांधे. बाबा संध्याकाळी भिंतीलगत चालताना दरजांवरून अंगठा फिरवत जायचे, कुठे विटा जोडणारा माल सुटलाय का बघायला. ते गेल्यावर काही वर्षं बाहेरच्या बाजूकडे लक्षच गेलं नाही. खिडक्यांच्या चौकटींचा चॉकलेटी रंग विटला होता, छपराच्या कडेच्या लाकडी पट्ट्यांचे पोपडे निघाले होते, पन्हळींना गंज चढला होता. विटा मात्र जशाच्या तशा होत्या.

मला एवढंच हवं होतं : चौकटी, कडेच्या पट्ट्या, पन्हळी आणि दार यांना नवा रंग. घर बाहेरून टवटवीत दिसावं, बस. माझा तो पहिला विचार बरोबर होता, हे आज छातीठोकपणे सांगते. विटेचा लाल रंग तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि भट्टीत भाजताना पक्का होतो. तो उडत नाही, त्याला दर काही वर्षांनी नवा हात लागत नाही. घर जुनाट दिसतं ते बहुतेक वेळा विटांमुळे नसतं, विटांच्या शेजारी असलेल्या विटक्या लाकडामुळे असतं.

चौकटींचं कोटेशन द्यायला आलेला कंत्राटदार भिंतीपाशी थांबला. बोलायला अतिशय गोड, वाक्यागणिक ‘ताई’. त्याने बाटलीतलं पाणी विटेवर ओतलं. पाणी बघता बघता आत गेलं, वीट काळपट झाली. ‘बघितलंत ताई? भिंत पाणी पितेय. पावसाच्या आत सील नाही केली तर आतून भिजणार.’ मग खालच्या थरांवरची पांढरी पूड बोटाने पुसून माझ्यासमोर धरली. ‘लोणा लागलाय. भिंत आतून कुजतेय.’

पोटात गोळाच आला. बाबांची भिंत कुजतेय, हे ऐकल्यावर कोणाचं मन थाऱ्यावर राहील?

या दोन्ही गोष्टी तो खोट्या दाखवत नव्हता, त्यांचा अर्थ खोटा सांगत होता. भाजलेली वीट पाणी शोषतेच. तिच्यात बारीक छिद्रांचं जाळं असतं, पाऊस पडला की ती थोडं पाणी घेते आणि उघडीप मिळाली की ते तोंडावाटे हवेत सोडून देते. उघड्या विटांच्या भिंती टिकतात त्या यामुळेच. पांढरी पूड म्हणजे विटेतले किंवा मालातले क्षार. पाण्यात विरघळून ते पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. थोडीशी पूड असेल तर कोरड्या ताठ ब्रशने झाडून काढायची. सारखी येत असेल तर पाणी कुठून शिरतंय ते शोधायचं : गळकी पन्हळ, फुटलेली दरज, भिंतीला लागून चढलेली माती. आमच्याकडे एक पन्हळ सांध्यात गळत होती. कुजण्याचा प्रश्नच नव्हता.

चौकटींचं छोटं काम असं अख्ख्या घराचं झालं. मी विचारलं, ‘दादा, विटांवर रंग दिला तर ओल आत कोंडणार नाही ना?’ तो म्हणाला, ‘ताई, आपण साधा रंग नाहीच वापरत, सिलिकेट पेंट वापरतो. भिंत श्वास घेते.’ शब्द खरा होता. सिलिकेट पेंट नावाची चीज आहे आणि ती उत्तम आहे. बव्हेरियाच्या ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली तिचं पेटंट घेतलं. तिच्यात पोटॅशियम सिलिकेट असतं, ते विटेशी आणि मालाशी रासायनिक रीतीने जोडलं जातं. वर प्लास्टिकसारखा पापुद्रा न बसल्यामुळे वाफ बाहेर पडू शकते. म्हणूनच माझा विश्वास बसला. मी रात्री बसून वाचलं, त्याचं बोलणं वाचलेल्याशी जुळलं आणि मी निर्धास्त झाले. फसवणारा माणूस नेहमी खोटी वस्तूच सांगतो असं नाही, खरी वस्तू सांगून दुसरीच लावतो. कोटेशनवर मात्र लिहिलं होतं : ‘प्रीमियम ब्रीदेबल कोटिंग, २ हात.’ सिलिकेट हा शब्द कागदावर कुठेच नव्हता. मी सही केली आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली.

काम सुरू झालं ते धुण्यापासून. आधी ॲसिड, मग जोरदार फवाऱ्याचं मशीन. भिंतीवरून लाल पाणी वाहत होतं आणि पोरं म्हणत होती, मळ निघतोय. मळ एवढा लाल नसतो. भट्टीत विटेच्या तोंडावर एक टणक थर तयार होतो, फवारा फार जवळून मारला की तो सोलला जातो आणि आतली मऊ वीट उघडी पडते. ॲसिड लावण्याआधी भिंत पाण्याने भिजवायला हवी होती आणि नंतर भरपूर धुवायला हवी होती. त्यांनी कोरड्या भिंतीवरच मारलं.

मग दरजा. जिथे माल सुटला होता तिथे आणि जिथे नव्हता तिथेही त्यांनी कडक सिमेंटचा माल फासला. भिंतीचा जुना माल चुन्याचा, विटेपेक्षा मऊ. तसाच असावा लागतो, म्हणजे भिंत हलली-भिजली तर झीज दरजेला होते, वीट वाचते. दरजा पुन्हा भरता येतात, वीट पुन्हा भाजता येत नाही. नवा माल वाळून पक्का व्हायला महिनाभर द्यायचा असतो, कारण ओल्या सिमेंटच्या अल्कलीने साधा रंग जळतो. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी प्रायमर लागला.

सगळ्यात वाईट गोष्ट मी स्वतः उभी राहून करू दिली. समोरची भिंत दोन थरांची, मध्ये पोकळी आहे. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला खालच्या थरात उभ्या दरजांमध्ये बाबांनी जागोजाग भोकं ठेवली होती. ‘ताई, ही भोकं राहून गेलीत, मुंग्या येतील,’ म्हणत पोराने सीलंटच्या नळीने ती एकेक करून बुजवली. मी त्याला ‘थँक यू’ म्हटलं.

रंग चार दिवसांत उरकला. डबे उघडेच यायचे. ‘टिंटिंग मशीनवर शेड बनवून आणलाय,’ असं उत्तर. शेड कार्डातला हवा तो रंग मिळेल, अगदी झळझळीतसुद्धा, असं त्याने सांगितलं होतं. मी फिकट राखाडी निवडला, चौकटींना गर्द निळा. शेवटच्या दिवशी घर खरंच देखणं दिसत होतं. शेजाऱ्यांनी थांबून कौतुक केलं. मी उरलेली रक्कम दिली आणि वॉरंटीचा कागद घेतला.

पहिल्या मोठ्या पावसानंतर खिडकीखाली तळहाताएवढा फुगा आला. अंगठ्याने दाबला तर आतून पाण्याची धार लागली. पंधरा दिवसांत तसे अकरा फुगे झाले. ब्लेडने एक कापला आणि रंगाचं टोक धरून ओढलं. तो ताणला गेला. रबरासारखा, बोटभर लांब. मागच्या बाजूला पांढऱ्या क्षारांचा खरखरीत थर आणि त्याला चिकटून विटेचं तोंड, लाल पिठासारखं. बाबांची वीट रंगाबरोबर निघून हातात आली होती. मी तिथेच पायरीवर बसले.

कंत्राटदाराने पहिला फोन उचलला. ‘ताई, तुमच्या भिंतीतच ओल आहे, आम्ही काय करणार? वॉरंटी वाचा.’ वाचली. ‘भिंतीतील ओलाव्यामुळे होणारे नुकसान वगळून.’ उघड्या विटेवरचा रंग बिघडतो तो बहुतेक ओलाव्यामुळेच, म्हणजे ज्या एका कारणासाठी वॉरंटी लागते तेच वगळलेलं. नंतरचे फोन उचलले गेले नाहीत.

बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी आले. जुन्या इमारतींवर आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी पापुद्रा दोन बोटांत धरून ताणला आणि एकच प्रश्न विचारला, ‘पोरी, रंग लावताना काचा झाकल्या होत्या का त्यांनी?’

नव्हत्या झाकल्या.

‘मग सिलिकेट नव्हताच तो. त्याचा थेंब काचेला खातो. डाग कायमचा पडतो, नखाने निघत नाही. तो लावणारे आधी काचा झाकतात, मग डबा उघडतात.’

मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोरून गेली. पोरं रंगात नळाचं पाणी ओतत होती, सिलिकेट पेंट पातळ करायला त्याचंच वेगळं द्रावण लागतं. शेड कार्डातला कुठलाही झळझळीत रंग मिळेल असं सांगितलं होतं, पण या पेंटमध्ये अल्कली सोसणारी खनिज रंगद्रव्यंच चालतात, त्यामुळे छटा सहसा मातकट असतात. अल्कली डोळ्यांना घातक म्हणून हा पेंट लावणारे चष्मा घालतात, इथे एकाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. आम्हाला लावला गेला तो साधा ॲक्रिलिक, म्हणजे वर प्लास्टिकसारखा पापुद्रा बसवणारा रंग, तोही पाणी घालून वाढवलेला. मागच्या बाजूला २० लिटरचे दोनच रिकामे डबे पडले होते. भिंतींचं क्षेत्र मी नंतर मोजलं, १८० चौरस मीटर. चांगल्या उत्पादनाच्या माहितीपत्रकाप्रमाणे आमच्यासारख्या खडबडीत विटेवर एका हाताला लिटरमागे पाच चौरस मीटर धरले, तर दोन हातांना ७२ लिटर लागतात. हा हिशोब मी कामाआधी पाच मिनिटांत करू शकले असते.

लाकडाचंही तेच. छपराच्या कडेची एक पट्टी टोकाला कुजली होती. कुजका भाग न कापता त्यात पुट्टी भरून वर निळा रंग मारला होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर दांड्यापर्यंत आत गेला.

मी तक्रार केली. कागदावर उत्पादनाचं नाव नव्हतं, त्यामुळे बाजू लंगडी पडली. म्हणून तुम्ही विटांच्या घराचं बाहेरचं काम काढणार असाल तर कृपा करून आधी कोटेशन उघडा. त्यात कंपनी, उत्पादनाचं पूर्ण नाव, किती हात, एकूण किती लिटर आणि पातळ करायला काय वापरणार, हे लिहून घ्या. ‘ब्रीदेबल’, ‘प्रीमियम’ ही वस्तूची नावं नव्हेत. उत्पादनाचं माहितीपत्रक मागा. सिलिकेट पेंटच्या बाबतीत जर्मनीचं डीआयएन १८३६३ हे मानक आहे. तयार डब्यात मिळणाऱ्या प्रकारात सेंद्रिय घटक जास्तीत जास्त ५ टक्के असावेत असं ते सांगतं. डबे सीलबंद यावेत, तुमच्यासमोर उघडावेत, बॅच नंबरचे फोटो काढून ठेवावेत. आणि मागच्या बाजूला हातभर लांबीरुंदीचा तुकडा आधी रंगवून एक पावसाळा जाऊ द्या. ‘पावसाआधीच करायला हवं’ म्हणणाऱ्याला नकार द्या. पन्नास वर्षं उभी असलेली भिंत आणखी एक पावसाळा सहज काढते.

आणि खरं सांगू का, विटा सोडाच. एक सुटी वीट घेऊन रंगाच्या दुकानात जा. तिच्या लालात नारिंगी झाक आहे, तपकिरी आहे की जांभळट, ते उन्हात धरून बघा. नारिंगी झाकेच्या विटेशेजारी शुभ्र पांढरा रंग फटफटीत दिसतो, सायीसारखा किंवा किंचित पिवळसर पांढरा शोभतो. गर्द हिरवा आणि कोळशासारखा राखाडीही विटेशेजारी खुलतो. शेड कार्डाच्या बोटभर चौकोनावरून ठरवू नका. एका मोठ्या फळीवर दोन हात मारा, ती खिडकीशेजारी टेकवा, सकाळी, दुपारी, दिवेलागणीला बघा. प्लास्टिकच्या खिडक्या असतील तर उन्हाच्या बाजूला फार गडद रंग टाळा, तापून त्या वाकतात. चौकटी, पन्हळी आणि दार एवढ्यावर घर ओळखू न येण्याइतकं बदलतं, आणि आवडलं नाही तर पुन्हा घासून रंगवता येतं.

आमचं काम अजून चालू आहे. वाळूचा फवारा मारून रंग काढायला मी ठाम नकार दिला, उरलंसुरलं तोंडही गेलं असतं. ते गवंडीकाका रंग मऊ करणारा लेप लावून हातभर जागा घेतात, एक दिवस ठेवतात, लाकडी पट्टीने सोलतात, धुतात. पहिलं काम त्यांनी केलं ते भोकं मोकळी करायचं. पहिल्या भोकातला सीलंट उपटला तेव्हा आतून गढूळ पाणी आलं आणि बराच वेळ येत राहिलं. समोरची भिंत अर्धी झाली आहे. जिथे विटेचं तोंड गेलं तिथे काही विटा उलट्या फिरवून बसवल्या, कारण मागचं तोंड शाबूत होतं. जिथे तेही शक्य नव्हतं त्या सत्तावीस विटा बदलल्या, त्यांचा लाल थोडा वेगळा दिसतो. चौकटींवरचा निळा खरवडून सायीचा रंग दिला, लाकूड कोरडं करून, प्रायमरसकट, माझ्या डोळ्यांदेखत. काल दरजांवरून अंगठा फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले. चुन्याचा नवा माल अजून ओलसर होता.