दीक्षावरचा कोर्स की केंद्राची शिक्षण परिषद?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवतं. मेळघाटातल्या गणिताच्या गुरुजींनी हे तास कुठे घालवावेत?

दीक्षा या सरकारी ॲपवरचे ‘निष्ठा’ हे शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण कोर्स घरबसल्या होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री नऊला बसलं तरी चालतं, व्हिडिओ थांबवून परत पाहता येतो. अडचण रेंजची. आणि खरं सांगायचं तर, व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडणारेही आपल्यातच आहेत. शेवटची प्रश्नावली सुटते, प्रमाणपत्र मिळतं, शंका मात्र तशीच राहते.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र जमतात. तिथे निम्मा वेळ माहिती भरण्यात जातो, हे कबूल. पण फळ्यासमोर चार गणितवाले उभे राहिले की मजा येते. अपूर्णांकाच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा? ‘नियम आहे’ म्हणून आपण वर्षानुवर्षं सुटतो. तिथे कुणी तरी विचारतं: पाऊण एकरात 5 गुंठ्यांचे वाफे किती? एकरात 40 गुंठे, म्हणून 5 गुंठे म्हणजे एक अष्टमांश एकर. एका एकरात असे 8 वाफे, तर पाऊण एकरात 8 चे पाऊणपट, म्हणजे 6. भागाकाराचा गुणाकार कसा झाला, ते शेतातच दिसलं!

माझं मत परिषदेला. फक्त आधी कोर्सचा तो भाग पाहून, अडलेली जागा वहीत लिहून न्यावी.