कॉर्व्हेट घ्यायची आहे: सी५, सी६, सी७ की सी८?

दोन माणसं, दोन बॅगा, काढलेला टप आणि दिवसभराचा रस्ता. कॉर्व्हेट ही शेव्हरोलेची दोन सीटची स्पोर्ट्स गाडी मला याचसाठी हवी होती आणि खालचं सगळं त्याच नजरेतून लिहिलं आहे. सी१ ते सी८ म्हणजे तिच्या आठ पिढ्या. तुम्हाला ती ट्रॅकवर पळवायची असेल किंवा झाकून ठेवून किंमत वाढायची वाट बघायची असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल आणि ते बरोबरही असेल.

मी मिशिगनमध्ये राहतो. पहिल्या ३०० कॉर्व्हेट १९५३ साली इथल्याच फ्लिंट शहरात तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, इंजीन सहा सिलिंडरचं आणि गिअर ऑटोमॅटिक. आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजीन आलं ते १९५५ मध्ये. महाराष्ट्रात शेव्हरोले म्हटलं की तळेगावच्या कारखान्यातली स्पार्क आणि बीट आठवते. त्यामुळे पुण्याहून आलेल्या नातेवाइकांना ही गाडीही त्याच कंपनीची आहे हे सांगून पटवावं लागतं.

पहिल्या तीन पिढ्या या तुलनेत धरलेल्या नाहीत. १९६३ ची, मागची काच मधोमध दुभंगलेली स्टिंग रे माझ्या मते अमेरिकेत बनलेली सर्वांत देखणी गाडी आहे. पण तिची किंमत आणि तिची निगा हा वेगळ्याच माणसांचा प्रांत आहे. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. सी२ आणि सी३ या दोन पिढ्यांना डिकीचं झाकणच नव्हतं. बॅग ठेवायची तर सीटची पाठ पुढे वाकवून दारातून मागे ढकलायची आणि काढताना पुन्हा तीच कसरत. सी३ च्या शेवटच्या वर्षी, १९८२ मध्ये, कलेक्टर एडिशन या खास आवृत्तीला उघडणारी मागची काच मिळाली. मग १९८४ च्या सी४ ला आख्खी काच वर उचलली जाईल अशी सोय आली आणि या गाडीतून प्रवासाला निघणं खऱ्या अर्थाने शक्य झालं.

सी४ स्वस्त मिळते म्हणून पुष्कळांचा जीव तिच्यात अडकतो. बघायला हरकत नाही, पण दार उघडून उंबरठा बघा. मूळ आराखड्यात टपाच्या मधून एक पट्टी जाणार होती. ती ऐनवेळी काढली, पूर्ण टप निघेल असा केला, आणि गेलेला ताठपणा भरून काढायला दोन्ही बाजूंच्या चौकटी उंच कराव्या लागल्या. परिणामी आत उतरावं लागतं आणि बाहेर चढावं लागतं. शिवाय टप बोल्टांनी बसवलेला. पाना घेऊन सोडवायचा, पाना घेऊन आवळायचा. उन्हाळ्यात इथे दुपारी ऊन असतं आणि तासाभरात पाऊस. रस्त्याच्या कडेला पाना फिरवत भिजायची माझी तयारी नव्हती.

सी५ (१९९७ ते २००४) इथे सगळं बदललं. मुख्य इंजिनिअर डेव्ह हिल यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी गिअरबॉक्स उचलून मागच्या चाकांपाशी नेला, दोन सीटांमधून जाणारा बोगदा खालून पत्रा मारून बंद केला आणि बाजूच्या चौकटी एकसंध नळीतून पाण्याच्या दाबाने घडवल्या. गाडीचा ताठपणा बोगद्यात आणि चौकटीत विभागला गेला, म्हणून उंबरठा खाली आला, पाय ठेवायला जागा झाली. फरशीच्या थरांमध्ये चक्क बाल्सा लाकूड आहे आणि ते तिथे आवाज आणि थरथर दाबण्याचं काम चोख करतं. टप हाताने फिरवायच्या खटक्यांवर निघतो. वर उघडणारे हेडलाईट असलेली ही शेवटची कॉर्व्हेट. संध्याकाळी ते डोळे उघडताना बघणं मला अजूनही आवडतं.

मग सी५ का नाही? वयामुळे. गाडी चांगली आहे, पण तिची इलेक्ट्रॉनिक्स म्हातारी होत चालली आहेत. २००१ नंतरच्या गाड्यांतलं ब्रेक आणि चाकांची पकड सांभाळणारं मॉड्यूल गेलं तर नवं मिळणं मुश्कील, दुरुस्त करणारे मोजके. घरी हत्यारं असतील, हौस असेल आणि बजेट आखडतं असेल तर सी५ इतकी मोबदला देणारी गाडी दुसरी नसेल. मला हौस आहे, वेळ नाही.

खरी निवड माझ्यापुढे सी६, सी७ आणि सी८ यांच्यात होती.

सी८ आधी घेतो, कारण सगळे तिच्याबद्दलच विचारतात. २०२० पासून इंजीन ड्रायव्हरच्या पाठीमागे गेलं. कॉर्व्हेटचे जुने इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी हे स्वप्न १९६० च्या आसपास पाहिलं होतं, प्रयोगाच्या गाड्याही बनवल्या होत्या. ते प्रत्यक्षात यायला साठ वर्षं लागली. माझ्या मित्राकडे ती आहे आणि मी ती मनसोक्त चालवली आहे. समोर इंजीन नसल्यामुळे रस्ता अगदी पायापासून दिसतो. वळणावर गाडी जशी जमिनीला चिकटते तसं पुढे इंजीन असलेल्या कुठल्याही कॉर्व्हेटमध्ये मला जाणवलेलं नाही. खड्ड्यांवरून जाताना ती सी६ पेक्षा मऊ आहे, हेही मान्य. नवी निघाली तेव्हा साठ हजार डॉलरच्या आत सुरू होत होती. त्या पैशांत अशी गाडी जगात कुणी देत नव्हतं.

पण तिला क्लचचं पेडल नाही. आठ गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा ड्युअल-क्लच बॉक्स एवढाच पर्याय. तो विलक्षण चपळ आहे आणि तुम्हाला हाताने गिअर टाकायची ओढ नसेल तर हा मुद्दा इथेच सोडून द्या. २०२६ च्या आधीच्या सी८ मध्ये ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मध्ये एसीच्या बटणांची जी लांब उतरती रांग आहे, तिचीही काहीजणांना सवय होते. माझ्या बायकोला ती भिंतीसारखी वाटली. बोलताना माझ्याकडे बघायला तिला मान उंच करावी लागत होती.

तरीही माझा निर्णय या दोन्हींवर झाला नाही. तो झाला टपावर.

जुलैमध्ये आम्ही ट्रॅव्हर्स सिटीकडे जातो. चेरीचा हंगाम असतो, स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांजवळून एम-२२ हा रस्ता लेक मिशिगनच्या कडेकडेने वळत जातो, आणि तिथे टप काढला नाही तर कॉर्व्हेट घेऊन काय उपयोग? आता काढलेला टप ठेवायचा कुठे, हा प्रश्न. सी५, सी६ आणि सी७ मध्ये मागची काच उघडायची, टप दोन्ही हातांनी धरून आत खाचांत बसवायचा. तो वरच्या बाजूला आडवा बसतो आणि त्याच्या खाली जागा उरते. बॅगा आधी आत सरकवायच्या, मग टप. सी८ मध्ये इंजीन मध्ये आल्यामुळे सामानाची जागा दोन तुकड्यांत विभागली गेली आहे. पुढे एक खोल कप्पा, मागे एक डिकी. टप मागच्या डिकीत जातो आणि तो गेला की डिकीत पातळ जॅकेट सोडून फारसं काही मावत नाही. राहिला पुढचा कप्पा. त्यात विमानात वर ठेवतो तेवढी एक बॅग बसते आणि शेजारी लॅपटॉपची पिशवी.

मित्राच्या गाडीशेजारी उभे राहून आम्ही हे करून पाहिलं. त्याची बॅग पुढे, टप मागे. माझी बॅग फुटपाथवर. तो म्हणाला, "अरे, टप घरी गॅरेजमध्ये ठेवायचा ना!" मिशिगनच्या आकाशाचा भरवसा असता तर ठेवला असता.

याला मी दोष म्हणणार नाही, ती मांडणीची किंमत आहे. आकडे बघितले तर तेच दिसतं. सामानाची जागा सी५ मध्ये साधारण २५ घनफूट, सी६ मध्ये २२, सी७ मध्ये १५ आणि सी८ मध्ये पुढची-मागची मिळून १२.६. ताकद त्याच क्रमाने चढत गेली: सी५ सुरू झाली ३४५ अश्वशक्तीवर, सी६ ४०० वर, सी७ ४५५ वर आणि सी८ ४९० वर. दोनशे मैलांच्या प्रवासात मला ३४५ सुद्धा पुरतात. घनफूट पुरत नाहीत. उघड्या गाडीची कॉन्व्हर्टिबल आवृत्ती घेतली तर सी८ मधला हा प्रश्न बराच सुटतो, कारण तिचा टप स्वतःची जागा स्वतः करून घेतो. पण तिचा भाव ऐकून घ्या.

सी७ (२०१४ ते २०१९) आणि सी६ (२००५ ते २०१३) यांत मी पुष्कळ दिवस घुटमळलो. सी७ आतून खूपच चांगली आहे. सी६ चं डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तिच्यापुढे केविलवाणं दिसतं, हे प्रामाणिकपणे सांगतो, आणि सीटसुद्धा. सी७ चा टप कार्बन फायबरचा, उचलायला हलका. चौकट सगळ्या गाड्यांना ॲल्युमिनियमची, त्यामुळे आमच्याकडे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर टाकतात त्या मिठाची धास्ती कमी. सात गिअरचा हाताने टाकायचा बॉक्स आहे आणि खालच्या गिअरला येताना इंजिनाचा वेग तो स्वतः जुळवून देतो. मागचे गोल दिवे जाऊन चौकोनी आल्याने जुने चाहते रागावले होते. मला ते खटकत नाहीत.

माझं मन सी६ कडे वळलं ते तिच्या आटोपशीरपणामुळे. सी५ पेक्षा ती पाच इंच आखूड आहे. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ ही हौशी गाड्यांची मिरवणूक भरते तेव्हा सगळ्या पिढ्या एकामागे एक जाताना बघा. सी६ अंगाबरोबर शिवलेल्या सदऱ्यासारखी दिसते. २००८ पासून तिला ६.२ लिटरचं, ४३० अश्वशक्तीचं एलएस३ इंजीन मिळालं. साधं, पेट्रोल सिलिंडरच्या बाहेरच फवारणाऱ्या पोर्ट इंजेक्शनचं, कुठल्याही गावातल्या मेकॅनिकला ओळखीचं. स्टेअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. सी७ मध्ये तो कळतो, पण थोडा गाळून. हे मोजून सांगता येणार नाही, एकाच दिवशी दोन्ही चालवल्या की जाणवतं. आणि टपाखाली आमच्या दोन्ही बॅगा बसतात, वर चेरीची पेटी.

सी६ घेणार असाल तर शक्यतो २००८ किंवा त्यानंतरची बघा. २००५ ते २००७ च्या गाड्यांत टपाचं चिकटवलेलं पॅनेल सुटण्याचा प्रश्न होता आणि त्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या वर्षांतली आवडलीच तर ते काम झाल्याचा कागद मागा, आणि वेगात टपातून टकटक येते का ते कान देऊन ऐका. बॉनेट उघडून, इंजीन चालू असताना पुढची पुली डगमगते का बघा. खर्चिक काम आहे, भावात धरून घ्या. हळू चालवताना गिअर पहिल्यातून थेट चौथ्यात ढकलला जातो, त्याने घाबरू नका. पेट्रोल वाचवण्यासाठी केलेली ती योजना आहे, सी५ आणि सी७ मध्येही आहे, आणि छोटा प्लग लावून ती बंद करतात. दारं विजेच्या बटणावर उघडतात. बॅटरी बसली तर आतून उघडायची पट्टी सीटशेजारी खाली जमिनीपाशी आहे. ती शेजारी बसणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी दाखवा. हिवाळाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवा.

टप बसवलेलाच ठेवायचा असेल, क्लचची ओढ नसेल आणि पैशांची सोय असेल, तर सी८ बघायला आज जा. आतली सजावट तुमच्यासाठी महत्त्वाची असेल तर सी७ मध्ये तुम्ही माझ्यापेक्षा सुखी व्हाल, फक्त १५ घनफुटांत तुमच्या बॅगा कशा बसतात ते आधी पाहून घ्या. कुठलीही बघायला जाल तेव्हा प्रवासाला नेता त्याच बॅगा बरोबर न्या, विकणाऱ्यासमोर टप स्वतःच्या हाताने काढा, आत बसवा आणि मागची काच लागते का बघा.